रात्रीची ज्योतदौड : थांबलेल्यांनाही जपा

शिवजयंती जवळ आली की गावोगावची तरुण मंडळे गडावरून ज्योत आणण्याच्या तयारीला लागतात. कोणी शिवनेरीहून आणते, कोणी रायगडाहून, कोणी पन्हाळ्याहून तर कोणी प्रतापगडाहून. नवरात्रात हेच दृश्य तुळजापूर, कोल्हापूर आणि वणीच्या रस्त्यांवर दिसते. संध्याकाळी ज्योत पेटवायची, रात्रभर आळीपाळीने हातात घेऊन धावायचे आणि सकाळी वाजतगाजत गावात यायचे, असा हा परिपाठ आहे. पन्हाळा ते कोल्हापूर हे सुमारे २० किलोमीटरचे किंवा तुळजापूर ते सोलापूर हे सुमारे ४५ किलोमीटरचे अंतर एका रात्रीत आरामात होते. परंतु दीड-दोनशे किलोमीटरवरून ज्योत आणणारी मंडळेही पुष्कळ आहेत. ताशी १० किलोमीटर हा वेग धरला तरी २०० किलोमीटरला २० तास लागतात. म्हणजे एक अख्खी रात्र आणि दिवसाचाही मोठा भाग.

या दिवसांत दवाखान्यात येणारे रुग्ण मी गेली पंचवीस वर्षे पाहतो आहे. तीन-चार वेळा मंडळाच्या मुलांबरोबर डॉक्टर म्हणून प्रवासही केला. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, प्रत्यक्ष धावताना होणाऱ्या दुखापती बहुतेक किरकोळ असतात. पायाला फोड, पोटरीत गोळा, मुरगळलेला घोटा. मोठे अपघात होतात ते ज्याची पाळी संपली आहे किंवा यायची आहे त्याला. टेम्पोतून उडी मारणारा, मशालीत तेल ओतणारा, मोटारसायकलवर पेंगणारा आणि स्टिअरिंगवर बसलेला, ही ती माणसे. धावणाऱ्याकडे सगळ्यांचे लक्ष असते. या इतरांकडे कोणाचेच नसते.

दोन गाड्यांची युक्ती

आळीपाळीने लांब अंतर धावण्याची पद्धत जगात इतरत्रही आहे. जपानमध्ये १९१७ साली क्योटो ते टोकियो अशी ५०८ किलोमीटरची सांघिक दौड झाली. ती दिवसरात्र चालून तिसऱ्या दिवशी संपली. तिथे हातात मशाल किंवा काठी नसते, खांद्यावरून तिरका घातलेला कापडी पट्टा एक धावपटू दुसऱ्याच्या हाती देतो. अमेरिकेत ओरेगन राज्यात १९८२ साली फक्त आठ संघांनिशी एक दौड सुरू झाली. हूड पर्वतापासून समुद्रकिनाऱ्यापर्यंत सुमारे ३२० किलोमीटर, रात्रभर. आज तिथे सुमारे हजार संघ धावतात. नेहमीच्या संघात १२ जण आणि दोन गाड्या. एका गाडीतले सहा जण आपापले टप्पे धावत असतात तेव्हा दुसरी गाडी पुढे जाऊन थांबते, तिच्यातले सहा जण खातात, पाय पसरून झोपतात. मग अदलाबदल.

आपल्याकडे काय होते? वीस-पंचवीस जण एकाच टेम्पोत, सगळेच्या सगळे रात्रभर जागे, वर ध्वनिवर्धक. प्रत्येकाला वाटते, आपण झोपलो तर भक्ती कमी पडली. माझे मंडळांना सांगणे आहे की, ही दोन गाड्यांची युक्ती उचलावी. दुसरी गाडी परवडत नसेल तर निदान मुलांचे दोन गट पाडावेत आणि वाटेत ठरलेल्या गावच्या शाळेत, देवळात किंवा मंगल कार्यालयात एका गटाची दोन-तीन तास झोपण्याची सोय आधीच करून ठेवावी. अशी सोय द्यायला गावे नाही म्हणत नाहीत, हा अनुभव आहे.

पहाटे तीन ते पाच

आपल्या शरीरात एक घड्याळ असते. त्याच्या तालावर शरीराचे तापमान चढते-उतरते आणि ते सर्वांत खाली येते पहाटे चार-पाचच्या सुमारास. याच वेळी सावधपणा सर्वांत कमी असतो. चहाचे चार कप पोटात गेले तरी हे घड्याळ बदलत नाही. माणूस डोळे उघडे ठेवून दोन-चार सेकंद झोपतो आणि त्याला स्वतःलाही ते कळत नाही. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली असेल तर तीन सेकंदांत ती ५० मीटर पुढे गेलेली असते.

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली याचे मोजमाप केले. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात आणि डोळे यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतका बिघडलेला आढळला. आपल्या कायद्यात वाहनचालकासाठी मर्यादा आहे ०.०३ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. सकाळी सहाला उठून दिवसभर भाडी मारून संध्याकाळी ज्योतीच्या टेम्पोवर बसलेला चालक रात्री अकरालाच ही १७ तासांची रेघ ओलांडतो. पहाटेपर्यंत त्याची अवस्था काय होत असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा. आणि या चालकाच्या समोर, दहा-पंधरा मीटरवर, आपलाच मुलगा मशाल घेऊन धावत असतो!

म्हणून चालक दोन हवेत. त्यांपैकी एकाने दुपारी चार तास झोप काढलेली असावी. चालकाने धावू नये, मिरवणुकीत नाचू नये. पेंग यायला लागली तर खिडकी उघडणे, तोंडावर पाणी मारणे, तंबाखू मळणे हे उपाय पाच-दहा मिनिटांचे आहेत. खरा उपाय एकच. गाडी रस्त्यापासून पूर्ण बाजूला घेऊन २० मिनिटे झोपणे. झोपण्यापूर्वी कपभर कॉफी घेतली तर उठेपर्यंत तिचा परिणाम सुरू झालेला असतो. मात्र सर्व काचा बंद आणि इंजिन चालू ठेवून कोणीही झोपू नये. धुराड्यातील विषारी वायू आत साठतो, त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

"चल, तुझी पाळी!"

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी एकोणीस वर्षांच्या मुलाला त्याच्या काकांनी उचलूनच आणले. मनगटाचे हाड मोडलेले, हनुवटीला खोल जखम. मी विचारले, "अरे, धावताना पडलास का?" काका म्हणाले, "नाही डॉक्टरसाहेब, धावला कुठं! उतरतानाच पडला." टेम्पोच्या हौद्यात गाढ झोपलेल्या या मुलाला मित्रांनी हलवून उठवले, "चल, तुझी पाळी!" म्हणून सांगितले, आणि त्याने चालत्या टेम्पोचा फाळका ओलांडून खाली उडी घेतली.

गाढ झोपेतून उठवलेल्या माणसाचा मेंदू पूर्ण जागा व्हायला पंधरा मिनिटे ते अर्धा तास लागतो. तो बोलतो, हसतो, बूटही घालतो. पण तोल, अंतराचा अंदाज आणि निर्णय हे सगळे अजून झोपेतच असते. त्यातून मांडी घालून बसल्याने पायाला मुंग्या आलेल्या. म्हणून पुढच्या धावपटूला त्याच्या पाळीच्या अर्धा तास आधी उठवावे, बसते करावे, दोन घोट पाणी द्यावे, आणि टेम्पो पूर्ण थांबल्यावरच खाली उतरवावे. खाली उतरल्यावर त्याने दोन मिनिटे चालावे, मग ज्योत हातात घ्यावी. ज्योत थांबू नये ही भावना मी समजू शकतो. त्यासाठी टेम्पोने शंभर-दोनशे मीटर पुढे जाऊन थांबावे आणि नव्या मुलाने तिथे उभे राहावे. मागचा ज्योत घेऊन येतोच, तोवर एक मोटारसायकल दिवे लावून त्याच्या मागे ठेवावी. ज्योतही थांबत नाही आणि हाडही मोडत नाही.

मालवाहू टेम्पोच्या हौद्यातून माणसे नेणे कायद्याने मना आहे, हे सर्वांना ठाऊक आहे आणि दरवर्षी सर्व जण ते करतात. निदान टपावर बसणे, फाळक्यावर पाय सोडून बसणे आणि बाजूला लोंबकळणे एवढे तरी बंद करा. प्रवासी गाडी भाड्याने घेतली तर चार पैसे जास्त पडतात. मनगटात पट्टी आणि स्क्रू घालण्याच्या शस्त्रक्रियेला त्याहून बरेच जास्त पडतात. मोटारसायकलवर तिघे, हेल्मेट नाही आणि मागच्याच्या हातात झेंडा, हाही प्रकार थांबायला हवा. डोक्याला मार लागलेल्या मुलासाठी आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातले डॉक्टर फार थोडे करू शकतात. त्याला मोठ्या शहरात पाठवेपर्यंत मोलाचा वेळ गेलेला असतो.

दिसणे महत्त्वाचे

ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर जाते. चालकाला अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीडएक सेकंद जातो, आणि त्यानंतर गाडी थांबायला आणखी अंतर लागते. कोरड्या चांगल्या रस्त्यावरही एकूण ६०-७० मीटर. गडद रंगाच्या कपड्यातला माणूस खालच्या दिव्यात जेमतेम २५-३० मीटरवरून दिसतो. म्हणजे चालकाने पाहिले तेव्हाच उशीर झालेला असतो. चूक कोणाची हा प्रश्न मग पोलिसांच्या पंचनाम्यापुरता उरतो.

मुले म्हणतात, "आमच्या हातात मशाल आहे की!" मशाल दिसते, पण ती घेऊन धावणारा रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे, किती लांब आहे आणि त्याच्या बाजूला आणखी पाच जण आहेत, हे तिच्या उजेडात कळत नाही. शिवाय फेब्रुवारी म्हणजे साखर कारखान्यांचा गळीत हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रभर रस्त्यावर असतात, त्यांच्यातील कित्येकांना मागे दिवा नसतो. त्यांना ओलांडण्यासाठी येणारी गाडी थेट तुमच्या अंगावर येते.

रेडियमच्या पट्ट्यांची जाकिटे फार महाग नसतात. ती प्रत्येकाला नकोत, पाच-सहा पुरतात. जो धावेल तो घालेल आणि ज्योतीबरोबर पुढच्याला देईल. टेम्पोच्या मागच्या बाजूला रेडियमची मोठी पट्टी, चारी इंडिकेटर चालू, आणि मागे शंभरेक मीटरवर दिवे लावलेली एक मोटारसायकल. धावणाऱ्याने साइडपट्टीच्या कडेने एकटेच धावावे. हौसेने बाजूने पळणाऱ्यांचा जथा रात्री नको, तो गावाच्या वेशीपासून पुढे. ध्वनिवर्धक रात्री बंद ठेवावा. गावांची झोपमोड हे एक कारण आहेच, पण मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू येणे हे माझ्या दृष्टीने मोठे कारण. कानात गाणी घालून धावणाऱ्यालाही हेच लागू आहे.

मशाल, तेल आणि पाण्याची बाटली

या विषयावर मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण यातले सर्वच अपघात टाळता येण्याजोगे आहेत.

मशाल विझू लागली की कोणीतरी तेलाचा डबा घेऊन धावतो आणि जळत्या बोळ्यावर ओततो. ज्वाला धारेवरून उलट डब्याकडे येते. ओतणाऱ्याचा हात, धावणाऱ्याचा चेहरा आणि केस. नायलॉनचा टी-शर्ट असेल तर तो वितळून कातडीला चिकटतो. मंडळाच्या नावाचे झुळझुळीत टी-शर्ट छापून आणण्याची हल्ली पद्धत आहे. ज्योत हाती घेणाऱ्याने मात्र सुती कपडे घालावेत. जळत्या मशालीत तेल कधीही ओतू नये. दोन मशाली ठेवाव्यात. एक जळती, दुसरी तेलात भिजवून निथळलेली. दुसरी पहिलीवर पेटवून घ्यावी, मग पहिली विझवावी. शिवाय मूळ ज्योत काचेच्या कंदिलात जपून ठेवावी, म्हणजे वाऱ्याने मशाल विझली तरी धावाधाव होत नाही. हा कंदील आणि इंधनाचा डबा मात्र एकाच गाडीत, झोपलेल्या मुलांच्या उशाशी नको.

भाजल्यास भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. अंगठी, कडे, घड्याळ सूज येण्याआधी काढावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, तूप, हळद यांतले काही लावू नये. चिकटलेले कापड ओढून काढू नये. स्वच्छ सुती कापड सैलसर झाकून दवाखाना गाठावा. चेहरा भाजला असेल, आवाज घोगरा झाला असेल किंवा नाकातले केस जळले असतील तर श्वासनलिकेला सूज येण्याचा धोका असतो. तेव्हा थेट मोठे रुग्णालय.

दुसरा अपघात ऐकून वाचकांना आश्चर्य वाटेल. पण असे दोन रुग्ण मी स्वतः पाहिले आहेत. मशालीसाठी डिझेल किंवा रॉकेल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून टेम्पोत ठेवलेले असते. पहाटे तहानेने जागा झालेला मुलगा अंधारात हाताला लागेल ती बाटली तोंडाला लावतो. दोघांच्याही बाबतीत असेच घडले. एकाला सोबत्यांनी मिठाचे पाणी पाजून उलटी करवली आणि तिथेच घात झाला. रॉकेल पोटात असते तोवर त्याचा त्रास मर्यादित असतो. उलटी करवली की ते घशातून फुप्फुसात उतरते आणि तिथे दाह करते. या मुलाला सहा दिवस रुग्णालयात प्राणवायूवर काढावे लागले. दुसऱ्याला काहीही न पाजता आणले, तो रात्रभर देखरेखीखाली राहून घरी गेला. तेव्हा उलटी करवू नका, दूध, लिंबूपाणी काही पाजू नका, आणि रुग्ण ठीक दिसला तरी रुग्णालयात न्या. खोकला किंवा धाप काही तासांनी सुरू होऊ शकते. इंधन लोखंडी डब्यातच असावे, त्यावर लाल पट्टी असावी आणि पाण्याच्या बाटल्यांपासून ते दूर असावे.

पाणी किती, खाणे काय

पाणी कमी पडले तर काय होते हे सर्वांना माहीत आहे. जास्त झाले तर काय होते हे फार थोड्यांना. बोस्टनच्या २००२ सालच्या मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले तेव्हा १३ टक्के धावपटूंच्या रक्तातील सोडियम प्रमाणापेक्षा खाली गेलेले आढळले. शर्यत संपेपर्यंत ज्यांचे वजन वाढले होते, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी जे प्यायले होते, त्यांच्यात हे प्रमाण अधिक होते. डोके दुखणे, मळमळ, बरळणे, झटके अशी त्याची लक्षणे असतात. सोबत्यांना वाटते पाणी कमी पडले, म्हणून ते आणखी पाजतात. तेव्हा नियम साधा ठेवावा. तहान लागेल तसे प्यावे, कोणी आग्रह करू नये. रात्री थंडीत घाम कमी येतो, तहानही कमी लागते, ते ठीक आहे.

दुपारी उन्हात धावायचे असेल तर ओआरएस उत्तम. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या हजारो रुग्णांना हेच मीठ-साखरेचे पाणी पाजून वाचवले. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा. तिथीप्रमाणे शिवजयंती करणारी मंडळे फाल्गुन वद्य तृतीयेला, म्हणजे बहुधा मार्चमध्ये धावतात. तेव्हा ऊन चांगलेच तापलेले असते. त्यांनी सकाळी दहानंतरचे टप्पे अर्ध्या किलोमीटरचे ठेवावेत.

रात्री दोन वाजता धाब्यावर तर्रीची मिसळ आणि वडापाव हाणून तीन वाजता धावणाऱ्याला उलटी होणारच, त्यात औषधाचा विषय नाही. केळी, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाणे, दशमी हे थोडे थोडे, आणि धावण्यापूर्वी दीड-दोन तास पोटभर काही नको.

नवरात्रात नऊ दिवसांचा उपवास करून धावणारी मुले-मुली असतात. निरोगी तरुण माणसाने फळे, दूध, पाणी घेत उपवास करून दोन-तीन किलोमीटर धावायला हरकत नाही. निर्जळी करून धावणे मात्र नको. मधुमेहाची इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर उपवास आणि धावणे ही दोन्ही एका रात्री करू नयेत. साखर एकदम खाली जाते, माणूस घामाघूम होतो, असंबद्ध बोलतो आणि सोबत्यांना वाटते की प्यायला आहे.

आणखी एक. अंग दुखते म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी आधीच घेऊन धावण्याची टूम अलीकडे निघाली आहे. रिकामे पोट, घाम गेलेला आणि वर ही गोळी, यात मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. धावण्यापूर्वी वेदनाशामक गोळी कोणीही घेऊ नये.

अनवाणी धावणे

नवसाचे, व्रताचे म्हणून अनवाणी धावणारे पुष्कळ असतात. मी त्यांना बूट घाला म्हणून आग्रह करत नाही, केला तरी कोणी ऐकत नाही. एवढेच सांगतो की, ज्याला वर्षभर अनवाणी चालण्याची सवय नाही त्याने व्रताचा मान म्हणून वेशीपासून देवळापर्यंत अनवाणी यावे, डांबरी रस्त्यावरचे किलोमीटर बुटात काढावेत. मधुमेह्याने मात्र एक पाऊलही अनवाणी टाकू नये. त्याच्या तळव्याची संवेदना कमी झालेली असते. काच घुसली तरी कळत नाही आणि दहा दिवसांनी तो काळा पडलेला अंगठा दाखवायला येतो.

नवे कोरे बूट दौडीच्या दिवशी घालू नयेत. फोड आला तर त्यावरची कातडी काढू नये, तीच उत्तम पट्टी असते. फार ताणला असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढावे आणि वर स्वच्छ पट्टी लावावी. काटा, खिळा, काच लागल्यास साबण-पाण्याने धुवावे. धनुर्वाताची लस पाच वर्षांत घेतलेली नसेल तर ती घ्यावी. रात्री कुत्रे मागे लागतातच. चावले किंवा ओरखडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि ज्योत गावात पोहोचण्याची वाट न पाहता वाटेतल्या सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करावी.

कोणी धावू नये

धावताना छातीत दडपण आलेला, पूर्वी कधी धावताना भोवळ येऊन पडलेला, घरात कोणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झालेला, अशांनी डॉक्टरांना दाखवून, कार्डिओग्राम काढूनच नाव द्यावे. चाळिशीच्या पुढचे कार्यकर्ते वर्षभर खुर्चीत बसतात आणि त्या रात्री जोशाच्या भरात दोन किलोमीटर पळतात. त्यांनी पहिल्या शंभर मीटरचा मान घ्यावा आणि ज्योत पोरांच्या हाती द्यावी. दमेकऱ्याने आपला पंप खिशात ठेवावा. घामाने भिजलेला मुलगा उघड्या टेम्पोत गार वाऱ्यात बसला की त्याची छाती भरते. प्रत्येकाने कोरडा बनियन आणि स्वेटर जवळ ठेवावा, धावून आल्या आल्या ओले कपडे बदलावेत.

पाळी संपल्यावर जागच्या जागी थांबू नये. पायांत साठलेले रक्त वर येत नाही आणि चक्कर येते. दोन-तीन मिनिटे चालावे. तरी कोणी पडलाच तर त्याला आडवे करून पाय वर उचलावेत, बहुतेक वेळा तो मिनिटभरात बोलू लागतो. बोलत नसेल, श्वास नीट चालत नसेल, तर तो हृदयाचा प्रकार समजावा. १०८ ला फोन करावा आणि छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच खाली जाईल इतके जोरात दाबत राहावे. हे मंडळातल्या चार जणांना तरी येत असावे. शिकायची इच्छा असेल त्यांनी कोणत्याही रविवारी सकाळी दवाखान्यात यावे, मी शिकवीन.

न धावणारा माणूस

इतक्या सूचना रात्री तीन वाजता कोणाच्या लक्षात राहणार, असे कार्यकर्ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. म्हणून प्रत्येक मंडळाने एक माणूस असा नेमावा, जो धावणार नाही, गाडी चालवणार नाही आणि ज्याने आदल्या रात्री पुरेशी झोप घेतली आहे. वयाने थोडा मोठा, ज्याचा शब्द मुले मानतात असा. त्याच्याकडे एक वही, एक बॅटरी आणि औषधाची पेटी. वहीत प्रत्येकाचे नाव, घरचा फोन, रक्तगट, आजार, चालू औषधे, आणि पुढे कोण किती वाजता धावला, कोण झोपला, चालक कधी बदलला याची नोंद. वाटेतल्या प्रत्येक मोठ्या गावचे ग्रामीण रुग्णालय कोणते आणि कुठे, हेही त्यात आधीच लिहिलेले असावे. ज्योत थांबवण्याचा अधिकारही याच माणसाला हवा आणि त्याने तो वापरला तर अध्यक्षांनी त्याच्याशी वाद घालू नये.

गेल्या वर्षी आमच्याच तालुक्यातील एका मंडळाने निवृत्त शिक्षकांना हे काम दिले. गुरुजींनी पहाटे चारला चालकाच्या डोळ्यांकडे पाहून टेम्पो पेट्रोल पंपावर उभा करायला लावला आणि सगळ्यांना चाळीस मिनिटे झोपवले. गावात ज्योत ठरल्यापेक्षा पाऊण तास उशिरा आली. ताशेवाले कुरकुरले. त्या मंडळाचा एकही मुलगा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला नाही.

दौडीनंतर

मिरवणूक संपली की मुले मोटारसायकल काढून पाहुण्यांना सोडायला किंवा कामावर निघतात. ३० तास जागलेल्या मुलाला त्या दिवशी घरच्यांनी गाडीची किल्ली देऊ नये. जेवू घालून झोपवावे. टेम्पो परत न्यायचा असेल तर चालकाचीही झोप झाल्यावरच न्यावा.

मांड्या आणि पोटऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतात. गडाच्या पायऱ्या धावत उतरलेल्यांना तर जिना उतरणेही जड जाते. हे दुखणे चार-पाच दिवसांत जाते. पण दुखणे वाढतच असेल, स्नायू सुजून कडक झाले असतील आणि लघवी काळ्या चहाच्या रंगाची होत असेल, तर फाटलेल्या स्नायूंतील द्रव्य रक्तातून मूत्रपिंडात जात आहे असे समजावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मालीश करू नये, वेदनाशामक घेऊ नये. लघवीचा रंग मुले आपण होऊन सांगत नाहीत, तेव्हा आईवडिलांनी दौडीनंतर तीन दिवस तो विचारावा.